भिवंडी ते कळसूबाई : एका आतल्या शर्टाची परीक्षा

भिवंडीत राहून आम्ही थंडीच्या कपड्यावर लिहायला बसलो आहोत, हे वाचून आमचे गाववाले हसतील. आमच्या गावची थंडी ती किती? पहाटे स्वेटर अंगात, नऊ वाजता खांद्यावर आणि बाराला खुंटीवर. ज्या गावाने अख्ख्या देशाला कापड दिले, त्या गावात गरम कपड्याचे दुकान शोधायला जावे तर चादरी, सतरंज्या आणि फूटपाथवरच्या लुधियानी स्वेटरांच्या पलीकडे फारसे काही मिळत नाही. तरीही २०२४ च्या डिसेंबरात, आमच्या घरात पंधरा-वीस दिवस एकच विषय चालू होता. तो म्हणजे एक शर्ट. अंगालगत घालायचा, पूर्ण बाह्यांचा, राखी रंगाचा आतला शर्ट.

तो आमच्या घरी कसा आला ते आधी सांगितले पाहिजे.

आमचा भाचा, आक्काचा धाकटा, माणकोलीच्या बाजूला एका गोदामात कामाला आहे. भिवंडीच्या बाहेरून नाशिक रस्त्याने किंवा ठाण्याच्या बाजूने जो कोणी गेला असेल, त्याने ही गोदामे पाहिली असतील. राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, माणकोली, सोनाळे अशी भाताची खाचरे असलेली गावे आमच्या डोळ्यांदेखत पत्र्याखाली गेली. मुंबई महापालिकेचा जकात नाका चुकवून माल अलीकडेच उतरवायचा, यातून हे सुरू झाले. जकात २०१७ साली गेली, गोदामे मात्र राहिली आणि वाढली. मुंबईतल्या माणसाने मोबाईलवर बोट टेकवून काही मागवले की ते पुष्कळदा आमच्याच गावाच्या पत्र्याखालून निघते.

डिसेंबरातसुद्धा दुपारी त्या पत्र्याखाली घाम येतो. खोकी उचलायची, ट्रकात रचायची, पुन्हा उतरवायची. संध्याकाळी सात वाजता सुट्टी झाली की पोरे उघड्या टेम्पोत उभी राहून गावात येतात. वाटेत खाडीवरचा वारा लागतो. पाठीवरचा घाम त्या वाऱ्यात असा गार होतो की दात वाजतात. थंडी भिवंडीत नाही, पण ती टेम्पोत आहे, एवढे आम्हाला या पोराकडून कळले.

त्याचा दुसरा त्रास तो सांगत नव्हता. कामावरून उतरून तो थेट अभ्यासिकेत जात असे. पोलीस भरतीची आणि रेल्वेची परीक्षा द्यायची आहे. घरी एका खोलीत पाच माणसे, टीव्ही, पाहुणे. अभ्यास कुठे करणार? नोव्हेंबरात त्याने अभ्यासिका बंद केली. आक्काने विचारले तर म्हणे, दमायला होते. पुढे त्याच्या मित्राकडून आमच्या मुलाला कळले ते निराळेच होते. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने नाकाला रुमाल लावून जागा बदलली होती आणि मागून कोणीतरी हसले होते. पोराने दुसऱ्या दिवशी दीडशे रुपयांचा सेंटचा फवारा आणला. घाम आणि सेंट मिळून जे होते ते ज्याने घेतले आहे त्यालाच ठाऊक. मग त्याने जाणेच सोडले.

वासावरून माणसाला बाजूला बसवणे आपल्या लोकांना नवीन नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, स्वच्छ कसे राहावे हे सांगितले होते. कपड्यावरून आणि गळ्यातल्या-हातातल्या वस्तूवरून जात ओळखता येते, ती खूण पुसा, असा त्यातला रोख होता. त्या अभ्यासिकेतल्या पोराला जात वगैरे काही सुचली नसेल, त्याला फक्त वास आला असेल, हे आम्ही मान्य करतो. पण आक्काचे तोंड उतरले ते उतरलेच.

तर त्याच आठवड्यात गोदामात खोके फाटलेल्या मालाची कामगारांसाठी विक्री झाली. चार हजारांच्या वर छापील किंमत असलेला हा शर्ट भाच्याला सातशेला मिळाला. वेष्टनावर बर्फातल्या डोंगराचे चित्र होते आणि मजकूर होता : मेरिनो लोकर, थोडे नायलॉन, थंडीत गिर्यारोहणासाठी, अनेक दिवस न धुता घातला तरी वास येत नाही. तो शर्ट घेऊन भाचा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, हे खरं असतं का?"

आमची पंधरा वर्षे लूमवर गेली. आक्काची त्याहून जास्त वर्षे कांड्या भरण्यात गेली. कापडाबद्दल कोणी आमच्या घरात येऊन काही सांगितले तर ते तपासल्याशिवाय मान्य करायचे नाही, ही आमची खोड आहे.

आक्काने पहिल्यांदा शर्टाच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. ही परीक्षा कापडाच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सूत असले तर कागदासारखे जळते आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. लोकर असली तर ती नीट पेटत नाही, कुरकुरते आणि केस जळल्याचा वास येतो. खोलीत केस जळल्याचा वास पसरला. शेवटी एक बारीकसा मणीही राहिला, तो नायलॉनचा. "खोटं नाही लिहिलं," आक्का म्हणाली. "लोकरच आहे. पण लोकर आणि अंगाला टोचत नाही?"

तिचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडची लोकर म्हणजे घोंगडीची. दख्खनी मेंढीचा केस जाड असतो, म्हणून घोंगडी टोचते. मेरिनो ही मूळची स्पेनची मेंढी; तिची लोकर आता मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून येते. तिचा तंतू इतका बारीक असतो की कातडीला लागला तरी वाकतो, टोचत नाही. एवढाच फरक. वस्तू तीच.

मग परीक्षा ठरली. तीन शर्ट घेतले. एक हा लोकरीचा. दुसरा बाजारातला पॉलिस्टरचा थर्मल, अडीचशे रुपयांचा. तिसरा साधा सुती, पूर्ण बाह्यांचा बनियन. आमच्या मुलाने सुचवले की तिघांनी एकेक घालावा. आक्काने ते फेटाळले. "प्रत्येकाच्या घामाचा वास वेगळा. तुझ्या मामाचा एक दिवसाचा माझ्या पोराच्या चार दिवसांच्या बरोबर आहे." हे आम्ही येथे लिहावे अशी तिची इच्छा होती, म्हणून लिहिले. शेवटी भाच्यानेच प्रत्येक शर्ट ओळीने तीन-तीन पाळ्या घालायचा, मध्ये धुवायचा नाही, रात्री फक्त खुंटीला लावायचा, असे ठरले. तिसऱ्या पाळीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट कागदी पिशवीत घालून आक्काच्या हातात द्यायचा. तिने डोळे मिटून वास घ्यायचा आणि आमच्या मुलीने वहीत लिहायचे. कोणत्या दिवशी कोणता शर्ट, हे आक्काला सांगायचे नाही.

वहीतल्या नोंदी आमच्यापुढे आहेत. सुती बनियनाबद्दल लिहिले आहे : "आंबूस. घामाचाच आहे. ओळखीचा." पॉलिस्टरच्या वेळी पिशवी उघडताच आक्काने मान मागे घेतली. नोंद अशी : "खवट तेल. मेलेल्या पालीसारखा. हा लांब ठेवा." आणि तिसरी : "पावसात भिजलेली मेंढी, थोडीशी. घाम फार नाही. हा घातला होता का नक्की?"

वाचकांना वाटेल, आक्का आपल्या पोराच्या बाजूने बोलली. म्हणून यामागचे जे आम्ही वाचून समजून घेतले ते सांगतो. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्या कातडीवर राहणारे सूक्ष्म जंतू घाम आणि कातडीचे तेल खातात आणि त्यातून वासाचे पदार्थ तयार होतात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सव्वीस माणसांना एका जागी उभ्या सायकलींवर तासभर घाम गाळायला लावला, त्यांचे शर्ट अठ्ठावीस तास पिशवीत ठेवले आणि मग वास घेणाऱ्यांपुढे ठेवले. सुतीपेक्षा पॉलिस्टरचे शर्ट वाईट ठरले आणि मायक्रोकॉकस नावाचे जंतू पॉलिस्टरवर जास्त माजलेले दिसले. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातही त्याआधी असेच तपासले गेले होते. तिथेही पॉलिस्टर सर्वांत वाईट, सूत मध्ये आणि लोकर सर्वांत बरी. आमच्या आक्काने पत्र्याच्या खोलीत डोळे मिटून तोच क्रम लावला, याचा आम्हाला जरा अभिमान वाटला.

कारण तंतूच्या पोटात आहे. साध्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरून असते, लोकर सोळाच्या आसपास आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. लोकर तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ आत ओढून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. वासाचे पदार्थही ती तंतूच्या आत धरून ठेवते आणि धुताना सोडते. पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण तेलाशी त्याचे जमते. अंगाचे तेल त्याच्यावर बसते आणि जंतूंना जेवण मिळते. म्हणूनच धुतलेला टेरिकॉटचा शर्ट सकाळी स्वच्छ वाटतो आणि अंग तापले की दहा मिनिटांत कालचा वास परत येतो. आपल्यापैकी अनेकांना लग्नाच्या वरातीत हा अनुभव आलेला आहे. काही कंपन्या पॉलिस्टरवर चांदीचा लेप देतात. चांदीने जंतू मरतात हे खरे, पण धुता धुता तो लेप कमी होत जातो.

हे सगळे कापड आमच्याच गावात होते, म्हणून मन थोडे दुखते. हातमागाचे विणकर, उत्तरेतून आलेले मोमीन आणि तेलंगणाकडून आलेले पद्मशाली, यांनी ही पेठ वसवली. १९३० च्या दशकापासून विजेचे माग आले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथले काम आमच्याकडे वाहत आले. गिरणगावात चुली विझल्या त्या काळात भिवंडीच्या गल्ल्यांत रात्रंदिवस खडखडाट वाढला. आम्हाला तेव्हा काम मिळाले, हे सांगताना आजही संकोच होतो. त्या मागांवर आधी सूत होते, मग हळूहळू पॉलिस्टरचे सूत आले. ते स्वस्त होते, तुटत कमी होते आणि इस्त्री लागत नव्हती. वासाचा विचार कोणी केला नाही, कारण ते घालणारे पुढे जाऊन कुठे बसणार आहेत हे विणणाऱ्याने कधी पाहिले नाही.

आता थंडीची परीक्षा बाकी होती. आक्का म्हणाली, "मला कळसूबाई झेपणार नाही, पण मला घेतल्याशिवाय जायचं नाही." म्हणून आधीच्या रविवारी तालीम म्हणून आम्ही सगळे लोनाडला गेलो.

लोनाड भिवंडी तालुक्यातच आहे आणि आपल्यापैकी कितीतरी भिवंडीकरांनी ते पाहिलेले नाही. गावात शिलाहारांच्या काळातले पडके शिवमंदिर आहे. आम्हाला जायचे होते ते टेकडीतल्या लेण्याकडे. शेअर रिक्षाने गेलो, पुढे पायी. सकाळी सातला गवतावर दव होते आणि खाली धुके होते. धुक्याच्या वर गोदामांचे पत्रे तेवढे दिसत होते, पाण्यात होड्या असाव्या तसे. लेणे बौद्ध आहे, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात. मोठे नाही. ओसरी, खांब, आत अंधार आणि भिंतीवर शिल्पपट. राजा आहे, आसपास माणसे आहेत, झिजून चेहरे गेलेले आहेत. आज आत देवीचे ठाणे आहे. आम्ही ओसरीत बसून डबे उघडले. दगड बर्फासारखा गार होता. मुलगी म्हणाली, "आत्या, भिक्खू इथे पावसाळाभर राहायचे, मग थंडीतही असतील. त्यांना स्वेटर होता का?"

आक्का दर वर्षावासात विहारातल्या ग्रंथवाचनाला न चुकता बसते. तिने सांगितले ते असे. विनयपिटकाच्या महावग्गात चीवरांचा एक भाग आहे. भगवान राजगृहाहून वैशालीकडे जात असताना त्यांना काही भिक्खू डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर चीवरांची गाठोडी लादून चाललेले दिसले. एवढे कपडे कशाला, असे त्यांच्या मनात आले. वैशालीला गौतमक चैत्यापाशी ते हिवाळ्यातल्या ऐन कडाक्याच्या, हिम पडण्याच्या दिवसांत रात्री उघड्यावर बसले. अंगावर एक चीवर. पहिला प्रहर गेला, थंडी वाजली, दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर संपला, पुन्हा थंडी वाजली, तिसरे घेतले. पहाटे उजाडताना पुन्हा वाजली, चौथे घेतले, मग वाजली नाही. त्यावरून त्यांनी भिक्खूंना तीन चीवरे ठरवून दिली. आतले अंतरवासक एकेरी, वरचे उत्तरासंग एकेरी आणि बाहेरची संघाटी दुहेरी. मोजले तर पदर चारच होतात.

"म्हणजे त्यांनी स्वतःच्या अंगावर घालून बघितलं?" मुलीने विचारले.

"मग काय दुसऱ्याच्या अंगावर बघायचं?" आक्का म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून भाच्याच्या हातात दिला.

आम्ही हे वाचन पूर्वी ऐकले असेलही, पण त्या गार दगडावर बसून ऐकले तेव्हाच त्यातला कपडा आमच्या लक्षात आला. थंडीत एक जाड पांघरूण घेण्यापेक्षा पातळ पदर एकावर एक घ्यावेत, मधली हवा ऊब धरते, हेच आजचे गिर्यारोहकही सांगतात. १९२४ साली एव्हरेस्टवर हरवलेल्या मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे पदरावर पदर होते. तो कोण हे कॉलरवर शिवलेल्या नावाच्या चिंधीवरून ओळखले. २००६ मध्ये तसेच कपडे पुन्हा शिवून एका गिर्यारोहकाने एव्हरेस्टवर घालून पाहिले, ते चांगले ठरले.

पुढच्या शनिवारी आम्ही, आमचा मुलगा आणि भाचा असे तिघे निघालो. भिवंडीहून कल्याण, कल्याणहून कसारा लोकल, कसाऱ्याहून जीपने घाट चढून इगतपुरी, घोटी आणि मग बारी. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव, तालुका अकोले, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. लोकलमध्ये आमच्या हातातल्या पिशव्या पाहून एकाने विचारले, लग्नाला चाललात काय. खरे सांगितले असते तर त्याला वेड्यात काढल्यासारखे वाटले असते.

कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात तिच्यापेक्षा उंच शिखर नाही. भिवंडी समुद्राच्या पातळीपासून जेमतेम वर. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे शिखरावर आमच्या घरापेक्षा दहाएक अंश कमी, वर वारा निराळा. गावात ज्या घरी उतरलो तिथल्या म्हातारबाबांच्या अंगावर काळी घोंगडी होती. आम्ही ती हातात घेऊन पाहिली. ती किती दिवसांनी धुता, असे विचारल्यावर ते म्हणाले, "धुवायची कशाला? उन्हात टाकली की झालं." सात-आठ वर्षांची होती. धुराचा वास होता, मेंढीचा होता, माणसाचा नव्हता. घोंगडीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात हे आम्हाला माहीत होते. आमच्याकडे साईझिंगमध्ये जे काम यंत्राने होते तेच. म्हातारबाबांना ते सांगितल्यावर त्यांनी आम्हाला आणखी एक चहा पाजला.

पहाटे तीनला निघालो. भाच्याच्या अंगात लोकरीचा शर्ट, मुलाच्या अंगात पॉलिस्टर, आमच्या अंगात सुती. वर सगळ्यांना सारखेच साधे शर्ट आणि स्वेटर. अर्ध्या तासात तिघेही घामाघूम. चढण सरळ छातीवर आहे. पहिल्या लोखंडी शिडीपाशी रांग लागली होती आणि तिथे दहा-पंधरा मिनिटे उभे राहावे लागले. परीक्षा खरी तिथे झाली. वारा सुरू झाला आणि आमच्या पाठीला ओले फडके चिकटवल्यासारखे झाले. सूत पाणी धरून ठेवते, सोडत नाही, आणि ओले सूत अंगातली ऊब खेचून घेते. हात थरथरायला लागले. शिडीचे गज धरवेनात. मुलगा म्हणाला, माझा सुकत आलाय. भाचा म्हणाला, "मामा, माझा ओला आहे का सुका तेच कळत नाही. पण गार लागत नाही." शेवटी त्याने स्वतःचा स्वेटर काढून आमच्या खांद्यावर टाकला. आम्ही नको म्हणालो नाही.

शिखरावर उजाडले. छोटे देऊळ आहे, आजूबाजूला माणसांची दाटी. पूर्वेला तांबडे फुटल्यावर भंडारदऱ्याचे पाणी दिसू लागले. १९२६ साली बांधून झालेल्या धरणाचे ते पाणी. दुसऱ्या अंगाला अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे होते. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. त्याने पहिल्यांदाच गोदामाच्या पत्र्यापेक्षा उंच जागेवरून सूर्य उगवताना पाहिला असावा. मग त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. मराठी व्याकरणाची टिपणे होती. समासाचे प्रकार. तो तिथे बसून ते पुटपुटायला लागला आणि आमच्या मुलाने त्याचा फोटो काढला.

उतरताना ऊन चढले आणि पॉलिस्टरची परीक्षा झाली. कसाऱ्याच्या जीपमध्ये आमचा मुलगा खिडकीपाशी बसला तो आम्हीच बसवला. आम्ही आणि भाचा चांगले होतो असे आम्ही म्हणत नाही, पण मुलाचा वास जीपभर होता. थोडक्यात, कोरडे राहण्यात पॉलिस्टर पहिले, ऊब आणि वास यात लोकर पहिली, आणि डोंगरावर सूत शेवटचे. लोकरीला दोष आहेत. मानेपाशी थोडी खाज आली, पिशवीच्या पट्ट्याखाली धागा विरला, आणि किंमत अशी की छापील भावाने घ्यायचा म्हटले तर भाच्याचा दहा-बारा दिवसांचा पगार. पण सातशेला मिळालेला एक तरी हातात होता.

होता, असे लिहावे लागते. आम्ही परत आलो त्या रात्री पाणी आले. नळाला पाणी आले की आमच्या घरात जे मिळेल ते धुतले जाते. आमच्या पत्नीने तीनही शर्ट कढत पाण्यात सोड्यात भिजवले, दगडावर आपटले आणि पिळून वाळत घातले. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. कढत पाणी, साबण आणि आपटणे मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटते. नमदा याच गुणावर होतो. सकाळी दोरीवर आमच्या मुलीच्या मापाचा, जाड, गुबगुबीत राखी शर्ट लटकत होता. पत्नीने विचारले, "हा कोणाचा आलाय इथे?"

घरात दोन दिवस शांतता होती. वेष्टनावर धुण्याच्या सूचना बारीक अक्षरात होत्या आणि त्या आम्ही कोणी वाचल्या नव्हत्या. भाच्याने एक अक्षर काढले नाही, ते जास्त लागले.

आक्काने मग बाजारातून चार सुती बनियन आणले. गोदामाच्या मागे नळ आहे. सात वाजता सुट्टी झाली की भाचा तिथे कमरेपर्यंत अंग धुतो, ओला बनियन पिशवीत टाकतो, कोरडा घालतो आणि मग टेम्पोत चढतो. डोंगरावर सूत शेवटचे आले होते ते ओले होते म्हणून. कोरडे असले की त्याच्याइतके निमूट कापड नाही. तो पॉलिस्टरचा थर्मल आता आमच्याकडे स्टोव्ह पुसायला आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही रात्री नऊच्या सुमारास अभ्यासिकेवरून चाललो होतो. मुद्दामच चाललो होतो. जाळीतून आत पाहिले. भाचा भिंतीकडच्या खुर्चीवर होता, त्याच्या दोन्ही बाजूंना मुले होती. आम्ही हाक मारली नाही. घरी आलो तर मुलगी आटलेला शर्ट घालून सकाळच्या शाळेचे दप्तर भरत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंनी विचारले म्हणे, एवढा चांगला स्वेटर कुठून घेतला. तिने सांगितले, कळसूबाईवरून.